पळसपानावरची अंगाकर

आमच्या जुन्या क्वार्टरला आता दारं उरलेली नाहीत. चौकटीसुद्धा उपटून नेल्यात. खिडक्यांच्या जागी नुसते चौकोन आहेत आणि त्यांतून समोरच्या रस्त्यावर उभं राहिलं तरी मागचं अंगण दिसतं. ऊन पडलेलं, रिकामं. मी वसंताचा हात धरून उंबरठा नसलेल्या त्या दारातून आत गेले. वसंता माझा धाकटा भाऊ. सारी नोकरी त्याने भिलाईच्या कारखान्यातच काढली आणि रिटायर होऊन इथेच घर बांधलं. मी लग्नानंतर नागपूरला गेले ती तिकडचीच झाले. या वेळी त्याच्याकडे आले, तर दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "ताई, आपली लाईन पाडून राहिले. येतं का पाह्यले?"

स्वयंपाकघराची खोली केवढीशी! माय इथे बसून आम्हा चौघांचं रांधायची, आणि तेव्हा मला ही खोली मोठी वाटायची. भिंतीवर सिगडीच्या धुराचा काळा पट्टा अजून आहे. त्यावर किती जणांनी चुना मारला असेल, तरी तो वर आलाच आहे. मागच्या दाराशी आले आणि पाय आपोआप थांबला. अंगणाच्या कोपऱ्यात, कंपाउंडच्या भिंतीलगत, कुणीतरी मागाहून सिमेंट घातलंय. तेवढीच जागा खचलेली आहे. ताटाएवढी, गोल.

आम्ही आलो तेव्हा भिलाई बांधली जात होती. बाबा भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतीतले. कारखान्यात खलाशी म्हणून लागले, क्रेनच्या साखळ्या बांधायचं काम. आधी कॅम्पातल्या टिनाच्या खोलीत होतो, मग दिवाळीनंतर हे क्वार्टर मिळालं. सारं कोरं होतं. चुन्याचा ओला वास, दारांना हिरव्या रंगाचा वास, नळाच्या पाण्याला लोखंडाचा. रस्ते आखलेले, पण त्यांच्या कडेला झाड नाही. दिवसभर कुठेतरी जमिनीत लोखंडी खांब ठोकत असत. धप्प. मग थोडं थांबून पुन्हा धप्प. प्रत्येक ठोक्याला मांडणीवरची पितळी ताटं हलके किणकिणत. सांजेला भट्टीतला वितळलेला लाल मळ दूर डंपावर ओतला की सगळं आभाळ पेटल्यासारखं व्हायचं. भिंती, दोरीवरची धुणी, मायचं तोंड, सारं लाल. आमच्या सावल्या क्षणभर घराच्या दिशेने लांब पडत आणि मागे सरत. मला ते आवडायचं. माय मात्र तेवढा वेळ वसंताचं डोकं पदराखाली घ्यायची.

"या घरात अजून कोनी मेलं नाही, कोनी जल्मलं नाही," ती बाबांना म्हणायची. "इथं आपल्याले ओळखते कोन?"

बाबा हसत. "म्हनून तं नंबर देला नं दारावर. नंबरानं ओळखते."

मायला ते पटत नसे. तिने आपल्या परीने घराला ओळख द्यायला सुरुवात केली, ती खाण्यापिण्याने. थंडीच्या दिवसांत सकाळी गुळाचं पाणी करून त्यात कणीक भिजवायची आणि गुलगुले तळायची. तेलात टाकलेला गोळा आपोआप उलटा होई, तो पाहायला वसंता आणि मी सिगडीजवळ बसत असू. कधी सांज्याच्या पोळ्या. कधी गव्हाच्या जाड पिठाचे पानगे. ते दोन पानांमध्ये दाबून गोवऱ्यांच्या आरावर ठेवायचे, वरून राख लोटायची. वरचं पान जळून कोळसा झालं की पानगा काढून हाताने झटकायचा. पानाच्या शिरांचा ठसा त्याच्यावर उमटलेला असायचा. तूप त्या शिरांतून वाहायचं. कारखान्याचा लाल धुरळा सगळीकडे बसायचा, पिठाच्या डब्याच्या झाकणावरही. पण पानगा फोडला की आत पांढरं शुभ्र, वाफाळलेलं, आमच्या गावचं काहीतरी असायचं.

पौषात वसंताने जेवण सोडलं.

तो तीन वर्षांचा होता. आजारी नव्हता. ताप नाही, खोकला नाही. ताट पुढे आलं की मान फिरवायचा आणि म्हणायचा, "जेवलो."

"कवा जेवला रे? कोनं देलं?" माय विचारायची.

तो मागच्या अंगणाकडे बोट करायचा. "ते देते."

आम्ही बघायचो. अंगणात काही नसायचं. दोरी, बादली, भिंत. पहिल्यांदा माय हसली. मग तिने गुलगुले केले, खीर केली, पानग्यात गूळ भरून दिला, तरी तो एक घास घेऊन तसाच तोंडात धरून बसायचा. अंगावरचं मांस उतरलं. गळ्याची हाडं दिसू लागली. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी सगळं तपासून टॉनिक दिलं आणि मूल धडधाकट आहे म्हणाले. बाबा म्हणाले, पाणी बदललं, लागंल हळूहळू. आणि तरी तो रोज दुपारी अंगणाच्या त्या कोपऱ्यात जाऊन उकिडवा बसायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पंगतीत पान पडायची वाट पाहावी तसा.

वास आधी मला आला की मायला, ते आता सांगता येत नाही. दुपारची वेळ होती. सिगडी विझलेली. शेजारच्या क्वार्टरांतही सगळं शांत होतं. आणि मागच्या दारातून पळसाचं पान जळल्याचा वास आला. तुरट, धुरकट, आणि त्याखाली भाजल्या पिठाचा गोडसर. मायने तांदूळ निवडता निवडता मान वर केली. मी तिच्याकडे पाहिलं. आम्ही दोघी उठून दारात गेलो. वसंता कोपऱ्यात बसला होता. मायने त्याला उचललं, त्याचा हात नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली. मग तो हात तिने माझ्या नाकाशी आणला. त्या इवल्या बोटांना जळक्या पानाचा वास येत होता.

त्या दिवसापासून माय दुपारी मागचं दार लावून कडी घालायला लागली. वसंता दाराला पाठ टेकून बसायचा. रडायचा नाही, हट्ट करायचा नाही. त्यापेक्षा रडला असता तर बरं, असं माय म्हणायची.

म्हातारी आली ती अशाच एका दुपारी. मागच्या गल्लीतून कंपाउंडचं दार उघडल्याचा आवाज झाला. मायने कडी काढून पाहिलं, तर गुडघ्यापर्यंत आखूड लुगडं नेसलेली, हातांवर निळं गोंदण असलेली एक बाई त्याच कोपऱ्यात बसली होती. फार म्हातारी. अंगाने काटकुळी. बोटाने ती मातीत एक गोल काढत होती.

"कोन वो? कावून आली इथं?" मायचा आवाज चढला.

म्हातारीने वर पाहिलं. "मोर चूल्हा इहें रहिस, बाई."

तिची चूल इथे होती. एवढं छत्तीसगढी आम्हाला कॅम्पात राहून समजू लागलं होतं. हेही ठाऊक होतं की या सेक्टरच्या जागी आधी गाव होतं, कारखान्यासाठी ते उठवलं. पण ठाऊक असणं वेगळं. ते गाव आमच्या अंगणात येऊन बसेल असं कुणाला वाटलं होतं?

"माह्या पोराले तूच काही केलं का?" मायने वसंताला घट्ट धरलं होतं. "सांग. खात नाही तो. तुह्याच जागेवर येऊन बसते."

म्हातारी रागावली नाही. तिने वसंताकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारी जरा खाली, जिथे काहीच नव्हतं तिथे पाहिलं. "लइका भुखाय हे," ती म्हणाली. "इही मेर आगी बार."

पोर भुकेलंय, इथेच विस्तव पेटव.

दूर खांब ठोकत होते. धप्प. धप्प. मग मायने वसंताला माझ्याकडे दिलं, आत जाऊन खुरपं आणलं आणि म्हातारीने काढलेल्या गोलात खणायला बसली. वर क्वार्टर बांधताना टाकलेली मुरमाची भर होती, खाली काळी माती. हातभर खाली खुरपं कशाला तरी लागलं. भाजून लाल झालेल्या मातीचा काठ होता. मायने हातांनी माती काढली. चुलीचे तीन उंचवटे दिसले, एक थोडा ढासळलेला. आत राख. पांढरी, मऊ, जणू सकाळीच कुणी स्वयंपाक केलाय. मायने राखेत हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"काय वो माय?" मी विचारलं.

"गरम हाये," ती म्हणाली. मग स्वतःशीच, "उन्हानं असंल."

हातभर मातीच्या खाली ऊन पोचत नाही, एवढं तिलाही कळत होतं आणि मलाही.

म्हातारीचं नाव सुकवारो. मी तिला दाई म्हणू लागले, तिथे आईला, आजीला तसंच म्हणतात. त्या दिवशी तिने मायकडून तांदळाचं पीठ मागितलं, सकाळचा उरला भात मागितला, चिमूट मीठ. भात पिठात कुस्करून घट्ट मळला. ओटीतून पळसाची पानं काढली, त्यावर तो गोळा थापला, वरून पान, आणि मायने पेटवलेल्या त्या चुलीतल्या आरावर ठेवला. अंगाकर म्हणतात त्या रोटीला. माय बघत होती. "हे तं आपला पानगाच झाला," ती हळूच म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं. पान जळलं, तोच वास आला. दाईने रोटी झटकली, कोपरा मोडून जिभेवर ठेवला, "नून कमती हे", मीठ कमी आहे, म्हणत मायकडे दिली.

"मी देऊ?" मायने विचारलं.

दाईने मान हलवली. तूच दे.

माय घास घेऊन वसंतासमोर बसली. वसंताने घास घेतला. चावला. गिळला. मग तोंड उघडून दुसऱ्याची वाट पाहू लागला. मायच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती एकेक तुकडा मोडत होती. त्या दुपारी त्याने अख्खी रोटी खाल्ली आणि तिच्याच मांडीवर झोपला.

संध्याकाळी बाबा ड्युटीवरून आले. अंगणातला खड्डा पाहून म्हणाले, "कंपनीच्या आंगनात खड्डा कावून केला? कोनी येऊन पाह्यलं म्हंजे?"

मायने त्यांच्या पुढ्यात अंगाकर ठेवली, गूळ ठेवला. वसंता त्यांच्या ताटातून खाऊ लागला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

मग दाई येत राहिली. कधी लागोपाठ, कधी दिवस मध्ये टाकून, नेहमी दुपारी. बाबा तेव्हा कामावर असत, त्यांना ती कधी दिसली नाही. तिने मायला खुरमी शिकवली. कणकेत मोहन घालून, गूळ आणि तीळ, खोबऱ्याचे बारीक तुकडे. एकेक गोळी बांबूच्या टोपलीच्या पाठीवर अंगठ्याने दाबायची की विणीची नक्षी उमटते, मग तुपात मंद तळायची. मला त्या दाबायला फार आवडे. माझ्या खुरम्या वाकड्या व्हायच्या. दाई त्यातलीच एखादी उचलायची, फिरवून पाहायची आणि परत ठेवायची. खायची नाही. रोटीचा तो मिठाचा कोपरा सोडला तर आमच्याकडे तिने काही खाल्लेलं मी पाहिलं नाही. मायने तिला पानगे शिकवले. दोघी फार बोलत नसत. बोलत तेव्हा माय आपल्या बोलीत, दाई आपल्या. पिठाने भरलेले चार हात, मधे विस्तव. वसंता तिच्या मागे खेळत असायचा, एकटाच, पण कुणाशी तरी वाटाघाटी चालल्यासारखा. हे तुझं, हे माझं, असं पुटपुटत. त्याचे गाल भरून आले होते. त्यापुढे आम्हाला काही दिसत नव्हतं.

फागुन लागला. शेजारच्या मरोदा गावाच्या बाजूला उघड्या माळावर चारदोन पळस उरले होते, ते फुलले. बाबा आम्हाला सायकलवरून दाखवायला घेऊन गेले. मी मागे कॅरिअरवर, वसंता पुढे दांडीवर. नुसत्या काळ्या फांद्या आणि त्यांवर लाल फुलं. घरी येऊन मी मायला वर्णन करून सांगत होते. ती ऐकता ऐकता थांबली.

"पानं?" तिने विचारलं.

"पानं नाही वो. एक नाही. नुसतं फूल."

माय अंगणात गेली. चुलीजवळ दाईने आदल्याच दिवशी आणलेली पानं पडली होती. हिरवीगार, देठाशी ओली. मायने त्यातलं एक उचलून उजेडात धरलं, बराच वेळ. मग बाकीची गोळा केली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. फेकली नाहीत.

त्यानंतर दाई आली नाही.

चैताचं ऊन तापू लागलं. माय रोज दुपारी चूल पेटवायची आणि कंपाउंडच्या दाराकडे बघायची. वसंताही आता त्या कोपऱ्यात बसत नव्हता. शेवटी एका सकाळी तिने अंगाकर केली, तीच पानं वापरून. चांगल्या धडप्यात बांधली. वसंताला शेजारणीकडे सोडलं आणि मला म्हणाली, "चाल. दाईकडे जाऊन येऊ."

उठवलेल्या गावाची माणसं मरोद्याच्या पलीकडे नव्या वस्तीत राहत. विचारत विचारत गेलो. मातीच्या भिंती, कौलं, दारात शेणाचा सडा. सुकवारो म्हटल्यावर एका बाईने घर दाखवलं. तिची सून अंगणात धान पाखडत होती. मायने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, सासूबाई बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत म्हणून पाहायला आलो.

सुनेचं सूप हातातच राहिलं. "कहाँ नइ आइस?"

"आमच्या घरी. सेक्टरमध्ये. रोटी करायले यायची नं."

सुनेने सूप खाली ठेवलं. मग तिने आम्हाला आत नेलं. अंधारात एक खाट होती. खाटेवर दाई पडलेली. मुटकुळं करून, चादरीखाली पोराएवढी दिसत होती. सून हळू आवाजात सांगत गेली. गाव सोडायच्या दिवशी ट्रकवर चढताना पडली ती. तेव्हापासून कंबर धरत नाही. उठत नाही, बसत नाही, कूस बदलायलाही माणूस लागतं. आम्ही ट्रकवर बसलो तेव्हा हिची चूल पेटलेलीच होती, विझवायला पुन्हा जाऊ दिलं नाही कुणी, त्याचाच घोर घेऊन पडली आहे. "अन् मंझनिया होइस कि," सून म्हणाली, "हाथ ला अइसे-अइसे करथे." दुपार झाली की हात असे असे करते. तिने दोन्ही तळवे हवेत हलवून दाखवले. रोटी थापायची. अलीकडे तेही थांबलं होतं.

माय खाटेजवळ खाली बसली. मी तिचा पदर धरला. मला पळून जायचं होतं, आणि त्या खाटेवरच्या तोंडावरून नजरही काढवत नव्हती. तीच होती. तेच गोंदण, हनुवटीवरचा तोच तीळ.

दाईने डोळे उघडले. मायकडे पाहिलं. ओळख पटायला तिला जराही वेळ लागला नाही.

"लइका खाइस?"

माय पुढे सरकली. तिने मान हलवली.

"आगी बुतागे का?" विस्तव विझला का?

"नाही दाई," माय म्हणाली. "जळते हाये. मी विझू देला नाही."

दाईने डोळे मिटले. तिच्या छातीतून एक लांब श्वास निघाला, डोक्यावरचा भारा खाली ठेवल्यावर निघतो तसा. मायने धडपा सोडला, रोटीचा एक कोपरा मोडला, बोटांनी मऊ केला आणि तिच्या ओठांशी नेला. दाईने तो तोंडात घोळवला. आम्ही वाट पाहत होतो.

"नून कमती हे," ती म्हणाली.

सून तोंडावर पदर घेऊन रडत होती आणि हसतही होती.

परतताना माय माझ्यापुढे चालत होती. सेक्टर दिसू लागला, एकसारख्या क्वार्टरांच्या रांगा, पिवळ्या उन्हात. तेव्हा ती थांबली.

"तू पाह्यलं नं तिले? आपल्या आंगनात?"

"हो."

"माह्या एकटीलेच नाही दिसली?"

"नाही वो माय. मी खुरम्या दाबल्या नं तिच्यासंगं."

"मंग झालं," ती म्हणाली आणि चालू लागली.

दाई त्याच उन्हाळ्यात गेली. आम्ही त्या क्वार्टरात होतो तोवर मायने ती चूल रोज पेटवली. गॅस आला तरी सणाची खुरमी तिच्यावरच व्हायची. पुढे बाबांना दुसऱ्या सेक्टरात मोठं क्वार्टर मिळालं. निघताना मायने चुलीतला आर लोखंडी घमेल्यात घेतला, वर राख घातली, आणि रिक्षात स्वतःच्या मांडीशी धरून नेला. बाबांना ती शेवटपर्यंत काही बोलली नाही. माझ्याशीही पुन्हा नाही. आता तीही नाही, बाबाही नाहीत.

अंगणात उभी राहून हे सारं मी वसंताला पहिल्यांदाच सांगितलं. इतकी वर्षं मला वाटायचं, त्याला आठवत नाही ते बरं आहे. तो खचलेल्या सिमेंटकडे बघत ऐकत होता. केस पांढरे झालेत त्याचे, पण ऐकताना मान तशीच तिरपी करतो.

"अशी ते म्हातारी," मी म्हटलं. "तुले आठवत नसंल."

"म्हातारी कोनती, ताई?" तो म्हणाला. "ते तं तरणी होती."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"मले साफ आठवते. हातभर बांगड्या होत्या तिच्या. लाल लुगडं. गानं म्हने ते रोटी थापताना." तो सावकाश बोलत होता, शब्द चाचपत. "अन् तिचं पोरगं होतं नं. माह्याएवढंच. आमी दोघं एकाच पानात जेवो. त्याले लय भूक राहे, ताई. माह्या वाटचंही खाऊन घे तो. मी देऊन टाको."

दोन मजूर समोरच्या दारातून डोकावले, आम्हाला बघून बाहेरच थांबले. सुनेने त्या दिवशी कुठल्या मुलाविषयी काही सांगितलं होतं का, ते मी आठवू लागले, आणि सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं.

"चाल," मी म्हटलं. "ऊन झालं."

वसंता हो म्हणाला. निघण्याआधी तो त्या गोल जागेपासून एक पाऊल बाजूला सरला आणि भिंतीला अंग चिकटवून क्षणभर थांबला. अरुंद दारात कुणा लहानाला आधी जाऊ द्यावं, तसा.